मित्राला दारू सोडायला तयार कसं करायचं? येरवड्याच्या एका डॉक्टरबाईंनी याचा रस्ता दाखवला होता

खारदांड्यात काय किंवा मुलुंड-घाटकोपरच्या चाळीत काय, असा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. स्वभावाने लाख माणूस, कामाला वाघ. पण संध्याकाळ झाली की हात थरथरायला लागतात. आधी शनिवारी घ्यायचा, मग रोज, आणि आता सकाळी उठल्या उठल्या. बायको माहेरी निघून गेली, नोकरी सुटली किंवा बोटीवरचे खलाशी त्याला सोबत न्यायला तयार नाहीत. ग्रुपमधले सगळे एकमेकांना विचारतात की याचं करायचं काय. आणि त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणतो, मला काही झालेलं नाही, मी कधीही सोडू शकतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेला देशभरातला सर्व्हे 2019 मध्ये आला. त्यात एक आकडा होता. दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी फक्त एकाला कुठले तरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 जणांमध्ये एक. म्हणजे औषध आहे, डॉक्टर आहेत, केंद्रं आहेत, पण माणूस तिथपर्यंत पोहोचतच नाही.

तो का पोहोचत नाही आणि त्याला कसं पोहोचवायचं, यावर महाराष्ट्रात ज्यांनी फार मोठं काम केलं त्या म्हणजे डॉ. अनिता अवचट. त्यांना जाऊन आता जवळपास तीन दशकं होतील. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सगळ्यांना माहिती असतं. ते उभं करणाऱ्या बाईंची गोष्ट मात्र अनेकांना माहिती नसते.

घर चालवणारी सुनंदा

मराठी वाचकांना त्या भेटतात त्या सुनंदा या नावाने. लेखक अनिल अवचट यांच्या लिखाणात त्यांचा उल्लेख असाच येतो. दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. तिथेच ओळख झाली, पुढे लग्न झालं.

अनिल अवचट डॉक्टर झाले, पण त्यांचं मन दवाखान्यात रमलं नाही. हमाल, विडी कामगार, दुष्काळात होरपळलेली माणसं यांच्यात फिरायचं आणि त्यांच्याबद्दल लिहायचं, हे त्यांनी निवडलं. आता लेखन म्हटलं की पैशाची बोंब. मग घर कोण चालवणार? तर ते सुनंदांनी चालवलं. त्या मानसोपचाराकडे वळल्या आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करू लागल्या. नवरा घरी मुलींना सांभाळतोय आणि बायको कमावतेय, हे चित्र त्या काळातल्या मध्यमवर्गीय पुण्यात अगदीच वेगळं होतं. मुक्ता आणि यशोदा या दोन मुली याच घरात वाढल्या.

येरवड्याचं मनोरुग्णालय म्हणजे देशातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. इथे येणारा माणूस बहुतेक वेळा घरच्यांनी टाकलेला, समाजाने वेडा ठरवलेला असायचा. अशा माणसाशी रोज बोलायचं, त्याच्या बडबडीतून नेमकं दुःख शोधायचं, हे डॉ. अनितांचं रोजचं काम होतं. पुढे व्यसनाच्या कामात त्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच सवय.

गर्दची लाट आणि पु. लं.चा फोन नंबर शोधायची गरजच पडली नाही

1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात एक नवीन नशा आली. गर्द, म्हणजेच ब्राऊन शुगर. हे अशुद्ध हेरॉइन. चांदीच्या कागदावर पावडर टाकायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. कॉलेजची पोरं बघता बघता त्यात अडकली. अंमली पदार्थांविरोधातला कडक कायदा 1985 मध्ये आला तो याच काळात.

अवचटांच्या ओळखीतल्याच घरांपर्यंत हे लोण पोहोचलं. अनिल अवचटांनी मग आपल्या पद्धतीने शोध घेतला. अड्ड्यांवर गेले, पोरांशी बोलले, आईबापांना भेटले आणि लेख लिहिले. हे लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या वाचनात आले. दोघंही हादरले. नुसतं हळहळून थांबणाऱ्यातली ही माणसं नव्हती. त्यांनी स्वतःहून अवचटांशी संपर्क केला, यावर काही करता येईल का अशी विचारणा केली आणि पु. ल. देशपांडे फाउंडेशनकडून एक लाख रुपयांची मदत देऊ केली. त्या काळात एक लाख ही मोठी रक्कम होती.

पैसे आले, पण केंद्र चालवणार कोण? लेखक लिहू शकतो, पण उलट्या करणाऱ्या, अंग ठणकतंय म्हणून भिंतीवर डोकं आपटणाऱ्या पोराला सांभाळायला डॉक्टर लागतो. ती जबाबदारी डॉ. अनितांनी घेतली. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू झालं.

सुरुवात गर्दमुळे झाली खरी, पण लवकरच लक्षात आलं की महाराष्ट्रातल्या घरांना पोखरणारी जुनी नशा वेगळीच आहे. ती म्हणजे दारू. गर्दवाल्यांसाठी सुरू झालेल्या केंद्रात दारूवालेही येऊ लागले.

शपथ नाही, उपचार

याआधी दारू सोडवायचा आपल्याकडचा रस्ता काय होता? देवासमोर शपथ, गळ्यात माळ, पोराच्या डोक्यावर हात ठेवून आण. राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला आठवा. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधाकर हुशार वकील. अपमान झाला, सनद गेली आणि तळीरामाने पहिला प्याला हातात दिला. पुढे तो दारू सोडायचं ठरवतो आणि पुन्हा त्यातच जातो. सिंधूसारखी बायको आणि रामलालसारखा जीव लावणारा मित्र असूनही त्याला कुणी वाचवू शकत नाही. शंभर वर्षं आपण हे नाटक बघून रडलो, आणि निष्कर्ष काढला की सुधाकरचं मन कमजोर होतं.

डॉ. अनितांचं काम नेमकं या निष्कर्षाच्या विरोधात उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे, हे जगभरात डॉक्टर मांडतच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचं व्यसन हा आजार असल्याचं 1956 मध्येच मान्य केलं होतं. पण हे पुस्तकात असणं वेगळं आणि दारूड्या म्हणून ज्याला गल्ली ओळखते त्याच्याशी तसं वागणं वेगळं.

मुक्तांगणमध्ये येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. मारहाण नाही, साखळ्या नाहीत, अपमान नाही. केंद्रातली कामं रुग्णमित्रच वाटून घेतात. योगासनं होतात, गटात बसून बोलणं होतं, गाणी होतात. ज्या माणसावर घरी पाच रुपयांसाठीसुद्धा विश्वास उरलेला नाही, त्याच्यावर इथे जबाबदारी टाकली जाते. आणि महत्त्वाचं म्हणजे जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले, त्यातलेच अनेक जण पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले.

यामागचं गणित सोपं होतं. दारू पिणाऱ्याला डॉक्टर सांगतो तेव्हा तो मनात म्हणतो, तुला काय कळतंय? पण जो स्वतः गटाराच्या कडेला पडलेला होता तो समोर उभा राहून सांगतो, तेव्हा म्हणायला काही उरत नाही.

जगात हे आधीही घडलं होतं. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सन नावाच्या पट्टीच्या पिणाऱ्याला त्याचा जुना पिणारा मित्र एबी थॅचर भेटायला आला. बिलने ग्लास पुढे केला, एबीने नाही म्हटलं आणि आपण कसे थांबलो ते सांगितलं. बिल त्या दिवशी थांबला नाही, पण काही आठवड्यांत थांबला. पुढच्या वर्षी त्याने डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं, ज्याच्या सभा आज मुंबईतही ठिकठिकाणी होतात.

घरच्यांनाही उपचार लागतात

व्यसनी माणूस एकटा आजारी पडत नाही, घरही पडतं, हे डॉ. अनितांच्या कामाचं दुसरं सूत्र. बायको ऑफिसात फोन करून खोटं सांगते की ताप आलाय. आई गुत्त्यावरची उधारी गुपचूप फेडते. भाऊ पोलीस ठाण्यातून सोडवून आणतो. सगळे प्रेमानेच करतात, पण त्यातून एक गोष्ट होते. पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग तो बरोबरच म्हणतो की मला काही झालेलं नाही!

म्हणून मुक्तांगणमध्ये नातेवाइकांशी बोलणं हा उपचाराचाच भाग झाला. पत्नींसाठी सहचरी नावाचा गट आहे. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या, लाज लपवलेल्या बायका तिथे एकमेकींसमोर पहिल्यांदा मोकळ्या होतात.

हे सगळं उभं करत असतानाच डॉ. अनितांना कॅन्सर झाला. उपचारांचा त्रास सुरू असतानाही त्यांनी मुक्तांगणचं काम सोडलं नाही. स्वतः मरणाशी झगडत असलेली बाई समोर बसून जगण्याबद्दल बोलतेय, हे तिथल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारी 1997 मध्ये त्या गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे मुक्तांगणची धुरा घेतली. महिलांसाठी वेगळा विभाग झाला आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाठपुरावा केंद्रं सुरू झाली. अनिल अवचट 2022 मध्ये गेले.

आता आपल्या मित्राचं काय?

डॉ. अनितांच्या आयुष्यातून आणि त्यानंतर या क्षेत्रात जे शिकलं गेलं त्यातून मित्रांसाठी काही सरळ गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट वेळेची. प्यायलेल्या माणसाशी दारूबद्दल बोलू नका. तो रडेल, गळ्यात पडेल, शपथ घेईल, आणि सकाळी त्याला काहीच आठवणार नाही. बोलायचं ते शुद्धीत असताना, एकट्याने किंवा एखाद्या जवळच्या माणसासोबत. दहा जणांनी घेरून पंचायत भरवली की तो फक्त बचाव करतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. तू दारूडा आहेस, तुला पोराबाळांची पर्वा नाही, असं म्हटलं की दार बंद. त्याऐवजी जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. गेल्या महिन्यात तीनदा तुला रस्त्यावरून उचलून आणलं, तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला तू नव्हतास, मला तुझी काळजी वाटते. एवढं बोला आणि मग ऐका. त्याला स्वतःला काय गमावल्यासारखं वाटतंय ते त्याच्याच तोंडून येऊ द्या. माणूस दुसऱ्याच्या कारणासाठी क्वचितच बदलतो. त्याचं स्वतःचं कारण सापडलं की पाऊल उचलतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि जीवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला, आजपासून एकदम बंद कर, असं सांगून घरात कोंडू नका. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की हातपाय थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावूही शकतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली आणि ते मांत्रिकाकडे धावतात. ही बाधा नसते, याच्यावर औषधं असतात. म्हणून थांबवायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. फिट किंवा भास सुरू झाले तर थेट हॉस्पिटल.

चौथी गोष्ट, तो हो म्हणेल त्या क्षणाची तयारी आधीच करून ठेवा. हे हो फार काळ टिकत नाही. आज दुपारी तयार असलेला माणूस संध्याकाळी बदलतो. त्यामुळे कुठे जायचं, किती दिवस, खर्च किती, सोबत कोण, घराकडे कोण बघणार, हे आधीच ठरलेलं हवं. मुक्तांगणसारख्या ठिकाणी उपचार साधारण 35 दिवसांचे असतात.

खारदांड्यातल्या मित्रांसाठी यात एक सोय आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्याला, हाताला काम कमी आणि पिण्याला वेळच वेळ, म्हणून हाच काळ सगळ्यात घातक ठरू शकतो. पण धंदा बुडेल, बोट कोण नेणार, हे न जाण्याचं मोठं कारण याच दिवसांत गळून पडतं. जूनमध्ये गेलेला माणूस नारळी पौर्णिमेला शुद्धीत समुद्राला नारळ वाहू शकतो. अर्थात तब्येत बिघडलेली असेल तर जूनची वाट बघायची नाही.

जायचं कुठे? दांड्यावरून लांब जायलाही नको. शेजारी वांद्र्यात माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथे सगळ्या धर्मांच्या माणसांसोबत काम होतं, योगाचा मोठा वाटा असतो. जुहूचं कूपर, परळचं केईएम अशा महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. नेमकं कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे आणि मानसिक आरोग्यासाठी 14416. पिणाऱ्यानेच फोन करायला हवा असं काही नाही, मित्रही करू शकतो.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. या कायद्यानुसार दाखल झालेल्या माणसाला साखळीने बांधून ठेवता येत नाही, आणि तो स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर त्याच्या मर्जीशिवाय उपचार लादता येत नाहीत. पैसे द्या, आम्ही रात्री गाडी पाठवून उचलून नेतो, असं कुणी म्हणालं तर तिथे पाठवू नका. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण आहेत, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा.

आणि तो परत प्यायला तर?

हा प्रश्न प्रत्येक मित्राला छळतो. पैसे घातले, सुट्टी काढली, 35 दिवस गेले, आणि गणपतीत तो पुन्हा प्यायलेला दिसला. मग ग्रुपवर ठरतं की हा सुधारणार नाही, सोडून द्या.

डायबेटिसवाल्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो. व्यसनातही घसरणं हा आजाराचा भाग आहे. घसरलेल्या माणसाला आधीच लाज खात असते आणि ती लाज बुडवायला तो पुन्हा पितो. म्हणून त्याला परत यायला दार उघडं ठेवणं, हा पाठपुराव्याचा गाभा असतो. आधी दर आठवड्याला भेटणं, गटात बसणं, न पिता एक वर्ष झालं की त्याचा वाढदिवस साजरा करणं, या गोष्टी 35 दिवसांइतक्याच मोलाच्या आहेत. मित्राचं खरं काम तर इथेच सुरू होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याला एकटं न सोडणं, त्याच्यासमोर पार्टी न ठेवणं, हळदीला त्याच्या हातात ग्लास देणाऱ्या तळीरामाला बाजूला घेणं.

दार उघडं ठेवायचं म्हणजे सगळं सहन करायचं असं मात्र नाही. पिण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत, त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही, आणि घरात मारहाण होत असेल तर आधी बायकामुलांना सुरक्षित जागी हलवायचं. मदत उपचारांसाठी कधीही मागावी, दारूसाठी नाही, एवढं त्याला स्वच्छ कळू द्या.

डॉ. अनितांनी जेव्हा सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे एक इमारत, एक लाख रुपये आणि मनोरुग्णांसोबत काम केल्याचा अनुभव होता. आज केंद्रं आहेत, कायदा आहे, फोन नंबर आहेत. तरीही 38 पैकी 37 जण तिथपर्यंत पोहोचत नाहीत. तुमच्या ग्रुपमधला तो मित्र या 37 पैकी असेल, तर उद्या सकाळी तो शुद्धीत असताना त्याच्याकडे जा, शेजारी बसा आणि तुम्हाला त्याची काळजी वाटते एवढं सांगून सुरुवात करा.